टीमच्या कामाची दखल कशी घ्यावी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटपाशी उभं राहून बघा. सुटणाऱ्या पाळीतल्या प्रत्येकाच्या हातात तोच सुकामेव्याचा डबा, तीच कागदी पिशवी, तेच छापील शुभेच्छापत्र. यात वाईट काहीच नाही. पण सगळ्यांना सारखा मिळालेला डबा ही रीत झाली, त्यावरून 'माझं काम साहेबांनी पाहिलंय' असं कुणाला वाटत नाही. बोनसचंही तसंच. कायद्यात बसणाऱ्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो, तो त्याचा हक्क आहे. तो देताना भाषणात 'बक्षीस' म्हणणारे साहेब लोकांना आतून हसू आणतात. हक्काचं आणि रीतीचं एचआर नि अकाउंट्स बघून घेतात. कौतुकाचा कप्पा मात्र मॅनेजरनेच भरायचा असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो रिकामा असतो.

आधी एक वही करा

कौतुक करायला शब्द सुचत नाहीत असं अनेक मॅनेजर सांगतात. खरी अडचण अशी, की कुणी नेमकं काय केलं हे त्यांना आठवतच नाही. त्यासाठी साधी वही पुरते. आठवड्याच्या शेवटी दहा मिनिटं बसायचं आणि लिहायचं: कुणी, काय केलं, आणि त्यामुळे काय टळलं किंवा साधलं.

'सीएनसीवरच्या (संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनवरच्या) मुलाचं काम चांगलं आहे' ही नोंद कुचकामी. कामाची नोंद अशी असते: 'दुसऱ्या पाळीत कटिंगचा आवाज बदललाय हे त्याच्या लक्षात आलं. कुणाला न विचारता मशीन थांबवलं, इन्सर्ट (धातू कापणारा तुकडा) काढून पाहिला, कडेला टवका उडाला होता. तसंच रेटलं असतं तर उरलेली बॅच रिजेक्शनला गेली असती.' एवढं लिहिलेलं असलं की कौतुकाचं भाषण वेगळं तयार करावं लागत नाही.

वही लिहिताना एक खोड हमखास दिसेल. पानावर जिथे तिथे आग विझवणाऱ्यांची नावं असतात. सर्व्हर पडला आणि रात्रभर जागून कुणी उभा केला, कन्व्हेअर तुटला आणि कुणी तीन तासांत जोडला, डिस्पॅचच्या दिवशी कुणी गाडी मिळवली. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण ज्या मेंटेनन्सवाल्याच्या लाइनवर वर्षभर ब्रेकडाउनच झाला नाही, जी टेस्टर सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या आदल्या दिवशी 'हे आज जाऊ नये' असं स्पष्ट सांगते, त्यांच्या नावावर टाळ्या पडत नाहीत, कारण घडलंच काही नाही. असं दोन वर्षं चाललं की टीम बरोबर धडा घेते: आग लागू द्यावी, मग धावून जावं. म्हणून वहीत 'जे घडलं नाही' यासाठी मुद्दाम जागा ठेवा. ग्रीसिंगचं वेळापत्रक कोण पाळतं, हँडओव्हरची नोंद कुणाची पूर्ण असते, नव्या पोराला शिकवण्यात कुणाचा वेळ जातो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तेव्हा विचारा.

मग सांगा, लवकर आणि नेमकं

वहीतली ओळ त्याच आठवड्यात माणसापर्यंत पोचली पाहिजे. मार्चच्या अप्रेझलमध्ये जुलैचं कौतुक म्हणजे शिळे पोहे.

सांगण्याची रीत अवघड नाही. 'कालच्या रिलीजला रोलबॅकची, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत नेणारी, स्क्रिप्ट तू आधीच चालवून बघितली होतीस, म्हणून पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. नाहीतर आज सकाळी क्लायंटला तोंड दाखवायची सोय नव्हती.' इथे थांबायचं. पुढे 'पण' नको, आणि 'आता शनिवारी जरा येशील का?' हे तर मुळीच नको. कौतुकाच्या पाठोपाठ काम आलं, की पुढच्या वेळी तुम्ही तोंड उघडताच समोरचा घड्याळ बघतो.

आपल्या गावात 'वाईट नाही' ही वरची श्रेणी समजली जाते, हे मान्य. पुणेकर साहेबाला तोंडावर स्तुती करताना संकोच होतो आणि ऐकणाऱ्यालाही होतो. अशा वेळी लिहून द्या. चार ओळींची चिठ्ठी, हाताने लिहिलेली, मराठीत. फिटरकाकांना 'तुम्ही' आणि टीममधल्या पोराला 'तू', जसं एरवी बोलता तसंच. कंपनीच्या छापील प्रमाणपत्रावरची इंग्रजी कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही. चिठ्ठी लोक पाकिटात ठेवतात.

चारचौघांत सांगायचं की एकट्याला, हे आधी विचारून घ्या. कुणाला सगळ्यांसमोर उभं केलं की घाम फुटतो. कुणाला नेमकं तेच हवं असतं.

बक्षीस म्हणून वेळ द्या

पुण्यात वेळेइतकं महाग काही नाही. हिंजवडीहून संध्याकाळी निघालेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. रात्रीच्या रिलीजनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही मीटिंग न लावणं, किंवा 'आज चारलाच निघ' असं सांगणं, ही बक्षिसं फुकट आहेत. मात्र ती सुट्टी रजेतून कापली जात नाही, हे एचआरकडून आधी लेखी घ्या.

भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी मुलांची शाळा असते. म्हणजे बाप घरी आणि पोरं वर्गात. अशा ठिकाणी चांगल्या कामाबद्दल एक रविवार मोकळा दिला, तर त्याची किंमत कुठल्याही गिफ्ट व्हाउचरमध्ये मोजता येणार नाही. ज्यांच्या घरी गौरी बसतात त्यांना पूजनाच्या दिवशी मागावी न लागता मिळालेली सुट्टी, ज्येष्ठात आळंदीहून पालखीबरोबर पुण्यापर्यंत चालू इच्छिणाऱ्याला तो दिवस मोकळा (आयटी दिंडीत जाणारे तुमच्या टीममध्येही असतील), हेही त्यातलंच.

मान द्या

मानाची किंमत पुण्याला वेगळी सांगायला नको, इथे विसर्जन मिरवणुकीत मानाच्या पाच गणपतींचा क्रम ठरलेला आहे. कंपनीत मात्र सगळे मान एकाच खुर्चीकडे जातात. खंडेनवमीला यंत्रपूजा होते, तेव्हा नारळ फोडायला एमडी येतात, ज्यांनी त्या लेथला वर्षभरात हातही लावलेला नसतो. तो नारळ त्या लेथच्या ऑपरेटरच्या हातात द्या. ऑफिसच्या गणपतीची एक आरती हाउसकीपिंगच्या मावशींच्या हस्ते होऊ द्या. अर्थात ज्याची इच्छा आणि श्रद्धा असेल त्यालाच विचारायचं. १ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही, त्या दिवशीचं झेंडावंदन कुणाच्याही श्रद्धेच्या आड येत नाही. ते सर्वांत जुन्या सिक्युरिटी गार्डच्या हस्ते करा, आणि त्यांच्या घरच्यांना बोलवा.

नावाचा मानही मोठा असतो. टूल रूममधल्या कुणी नवं फिक्स्चर (काम चालू असताना पार्ट घट्ट धरून ठेवणारा साचा) बनवलं तर त्याच्या पट्टीवर पार्ट नंबरखाली बनवणाऱ्याचं नाव कोरा. क्लायंटला जाणाऱ्या मेलमध्ये 'आमच्या टीमने' असं मोघम न लिहिता जिने काम केलं तिचं नाव घाला, आणि पुढच्या प्रेझेंटेशनला तिलाच उभं करा. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलं होतं की पगार आणि कामाची परिस्थिती नीट असली तर कुरकुर थांबते, पण समाधान येतं ते यश, दखल आणि स्वतः कामातून. त्याच्या सिद्धांतावर पुढे बरेच आक्षेप आले. तरी शॉप फ्लोअरवर फिरलेल्या माणसाला ही विभागणी ओळखीची वाटेल.

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या गुणवंत कामगार पुरस्कारासाठी आपल्या माणसाचा अर्ज भरायला बसणं, हेही मॅनेजरचंच काम. त्याला कागदपत्रं जमवायला सवड नसते आणि स्वतःबद्दल लिहायला संकोच वाटतो. तुमच्या वहीतल्या नोंदी इथे उपयोगी पडतात.

वस्तू द्यायची तर माणूस बघून

माणूस टीममध्ये आला की पहिल्या महिन्यात गप्पांच्या ओघात विचारून ठेवा: सुट्टीत काय करता? राजगड-तोरणा पालथा घालणाऱ्याला चांगला हेडटॉर्च. गाण्याच्या वेड्याला डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचं तिकीट आणि त्या संध्याकाळी लवकर सुटका, कारण नुसतं तिकीट देऊन सातची मीटिंग लावणारेही असतात. नाटकवाल्याला बालगंधर्व रंगमंदिरातल्या रविवारच्या प्रयोगाची दोन तिकिटं. दोन, एक नव्हे. मुलं शाळेत असलेल्याला अप्पा बळवंत चौकातून जूनच्या आधी वह्या-पुस्तकांचा गठ्ठा. आणि कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात छापलेली पाण्याची बाटली कुणालाही नाही.

रोख रक्कम द्यायची असेल तर ती पगारातूनच जाते आणि तिच्यावर कर लागतो. वस्तू किंवा व्हाउचर ठरावीक वार्षिक मर्यादेपर्यंत करमुक्त असतं. ही मर्यादा बरीच वर्षं ५,००० रुपये होती, यंदाची काय ते अकाउंट्सला विचारून मगच जाहीर करा. पाच हजारांचं बक्षीस जाहीर होऊन हातात कमी पडले, की कौतुक बाजूला राहतं आणि चर्चा टीडीएसची होते.

पगारवाढ मागायला आलेल्या माणसाच्या हातात स्मृतिचिन्ह ठेवू नका. त्याचा प्रश्न वेगळा आहे, त्याचं उत्तरही पैशातच द्यावं लागेल, किंवा 'यंदा जमणार नाही' असं सरळ सांगावं लागेल.

'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'चं काय?

बंद करा, असं माझं मत. पहिले तीन महिने उत्साह असतो, मग फोटो पाळीपाळीने लागतात आणि कुणाचा नंबर कधी हे कॅन्टीनमध्ये आधीच ठाऊक असतं. त्याऐवजी कॅन्टीनमध्ये एक फळा आणि खडू ठेवा. कुणीही सहकाऱ्याबद्दल एक ओळ लिहावी. साहेबांनी त्यावर लिहू नये.

तीन महिन्यांनी वही उलटून बघा

कुणाचं नाव सहा वेळा आलंय, कुणाचं एकदाही नाही? ज्यांचं आलं नाही ते काम करत नाहीत असं लगेच ठरवू नका. बहुधा ते रात्रपाळीत असतात, कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर असतात, किंवा तुमच्या केबिनपासून लांबच्या शेडमध्ये. कंत्राटी माणसाला कंपनीकडून थेट काही देता येतं का, हे एचआर आणि कंत्राटदाराशी बोलून घ्या. शब्दांनी दखल घ्यायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या आठवड्यात एकदा रात्रपाळीला जा, राउंड म्हणून नको, तासभर थांबायला. वहीचं पुढचं पान तिथेच लिहून होईल.