घरच्या अंगणात बंपरचा रंग: ऊन, धूळ आणि प्लॅस्टिक प्रायमर

घरी रंगवलेला बंपर चार-सहा महिन्यांत सोलायला लागला की दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा रंगाच्या खाली असतं. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. खताची विणलेली पोती याच प्लॅस्टिकची. त्याला रंग, डिंक, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) काहीच धड धरत नाही. पत्र्याला चालणारा प्रायमर थेट त्यावर मारला तर पहिले काही दिवस छान दिसतो. मग एखादा खडा लागतो, वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी त्या टवक्याखाली शिरतं आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पट्टी निघून येते. म्हणून सगळ्यात आधी बंपरच्या आतल्या बाजूला ठसलेली अक्षरं वाचा. ‘पीपी’ (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) किंवा ‘पीपी+ईपीडीएम’ (त्यात रबर मिसळलेलं) असं असेल तर प्लॅस्टिक प्रायमर (दुकानात अ‍ॅडहीजन प्रमोटर म्हणूनही मिळतो) लागणारच. ‘एबीएस’ (दुसऱ्या जातीचं प्लॅस्टिक) असेल तर रंग तुलनेनं सहज धरतो, तरी एक हात मारून घेतलेला बरा.

ओरखडा किती खोल आहे

रंगाचं सामान आणण्याआधी बंपर धुऊन ओरखड्यावर पाणी टाका. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला तर तो फक्त क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे. रबिंग कंपाउंड (घासून चमकवायची पेस्ट) आणि मऊ कापडानं अर्ध्या तासात निघेल. नख आडवं फिरवून ते अडकत असेल, पण खाली राखाडी किंवा काळं दिसत नसेल, तर टच-अपच्या बाटलीवर भागतं. काळं प्लॅस्टिक दिसतंय म्हणजे पूर्ण काम करावं लागेल.

एक गोष्ट हमखास चुकते. भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला घासल्यावर दिसणारा पांढरा-पिवळा पट्टा पुष्कळदा समोरच्याचा रंग असतो, आपल्या रंगावर चिकटलेला. तो कंपाउंडनं काढून टाकल्यावर खाली फक्त दोन बारीक चरे उरतात. आधी हे करून बघा.

दिवस आणि वेळ

आपल्याकडे दिवस कुठला निवडला यावर अर्धं काम ठरतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि उन्हातला काळा बंपर हात टेकवू देत नाही. अशा पृष्ठभागावर स्प्रे मारला तर रंग हवेतच अर्धा सुकतो आणि बंपरवर पिठासारखा खरखरीत बसतो. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी साडेसहा ते नऊ, सावलीत. दुपारनंतर वारा आणि वावटळी सुटतात, तेव्हा नादच नको. पावसाळ्यात उलटा त्रास: हवेतल्या ओलीमुळे क्लिअर पांढरट, धुरकट पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला, पण वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा १० अंशांच्या खाली जातो. बंपर १५ अंशांपेक्षा गार असेल तर रंग सुकत नाही आणि ओघळ येतात. रंगवलेला बंपर रात्री दवात ठेवू नका. कपाशीच्या हंगामात गावाजवळ जिनिंग असेल तर हवेत तंतू उडत असतात आणि ओल्या क्लिअरवर नेमके तेच येऊन बसतात. त्या दिवसांत पत्र्याचं शेड तिन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या कागदानं बंद करा, चौथी बाजू हवेसाठी उघडी हवी.

कडुलिंबाखालची सावली मोहात पाडते, पण वरून फुलं, पानं, किडे पडतात. भिंतीच्या आडोशाची सावली बरी. सुरुवात करण्यापूर्वी अर्धा तास अंगणात हलका सडा मारा, म्हणजे काळ्या मातीची धूळ बसते. पाऊसपाण्याच्या दमट दिवसांत मात्र सडा नको.

सामान

एका पूर्ण बंपरसाठी ४०० मिलीचे डबे धरा: प्लॅस्टिक प्रायमर एक, भरणीचा राखाडी प्रायमर एक, रंग दोन, क्लिअर दोन. फक्त एका कोपऱ्याचं काम असेल तर प्रत्येकी एक पुरतो. वॉटर पेपर (पाणी मारून घासायचा पॉलिश पेपर) २४०, ४००, ८००, १५०० आणि २००० नंबरचे, मास्किंग टेप, प्लॅस्टिकसाठीची लवचिक लांबी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारी स्वच्छ कापडं. रंगाचा कोड इंजिनाच्या खणातल्या पट्टीवर किंवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो, कंपनीप्रमाणे जागा बदलते. मारुतीच्या सुपीरिअर व्हाइटचा कोड २६यू, सिल्की सिल्व्हरचा झेड२एस. ‘पांढरा द्या’ म्हणून रंग आणू नका. एकाच कंपनीचे पांढरे तीन-चार असतात. ऑटो पेंट मिसळून देणाऱ्या दुकानात कोड सांगून रंग डब्यात भरून घ्या.

क्लिअर दोन प्रकारचा मिळतो. साधा एका घटकाचा आणि हार्डनरवाला (थर कडक करणारं रसायन असलेला) दोन घटकांचा, ज्याला दुकानदार टू-के म्हणतात. टू-के पेट्रोल, ऊन आणि घासणं कितीतरी जास्त सोसतो. डब्याच्या बुडाची पिन दाबली की हार्डनर आत मिसळतो आणि त्यानंतर डबा लवकरच वापरून संपवावा लागतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना घातक आहे आणि त्यातून कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा एन-९५ मास्क वाफ अडवत नाही. कार्बनच्या डब्यांचा मास्क, चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा लागते. एवढं जमत नसेल तर साधा क्लिअर घ्या. तोही नीट लावला तर काही वर्षं टिकतो. कुठलाही स्प्रे मारताना लहान मुलांना आसपास येऊ देऊ नका आणि विडी-काडी, चूल दूर ठेवा.

धुणं आणि घासणं

रंग मारायला एक तास लागतो. त्याआधीच्या तयारीला अख्खा दिवस द्या.

बंपर काढता आला तर उत्तम. चाकाच्या कमानीतले स्क्रू, वरचे १० नंबरच्या पान्याचे बोल्ट, खालच्या क्लिपा. ओढण्याआधी गाडी बंद करून फॉग लॅम्प आणि पार्किंग सेन्सरचे प्लग सोडवा. जुन्या क्लिपा उन्हानं कडक होऊन तुटतात, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा.

भांड्याच्या साबणानं बंपर दोनदा धुवा, कडांच्या आतही. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचं पाणी आरओ फिल्टरचं वापरा. मग अल्कोहोलनं पुसा: एका कापडानं ओलं करायचं आणि ते वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपायचं. एकाच कापडानं पुसत राहिलात तर तेल नुसतं पसरतं. पुसायला रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, मागे तेलकट थर राहतो. डॅशबोर्ड आणि टायरच्या पॉलिशमधलं सिलिकॉन हा सर्वांत मोठा शत्रू. त्याचा अंश राहिला तरी रंग तिथून माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटतो. आणि पुसणं नेहमी घासण्याच्या आधी, नाहीतर तेच तेल चऱ्यांत रगडलं जातं.

आता घासणं. ओरखड्याच्या कडा २४० नं मोडा, मग ४०० नं पाणी मारत गोलाकार वाढवत जा. नीट होत असेल तर जागेभोवती कडी दिसू लागतात: मधोमध काळं प्लॅस्टिक, भोवती राखाडी प्रायमर, मग रंग, मग क्लिअरची धूसर किनार. या प्रत्येक कडीची रुंदी किमान बोटभर हवी. कडी अरुंद राहिली तर नव्या रंगाखाली तिची रेघ उमटते. डोळे मिटून बोट फिरवा; पायरी जाणवली तर अजून घासायचंय. उघड्या प्लॅस्टिकवर जाड पेपर कोरडा चालवू नका, त्याला केसाळ तंतू सुटतात आणि रंगानंतर ते उभे दिसतात.

बंपरला चीर गेली असेल तर आधी तिच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. आतल्या बाजूनं सोल्डरिंग आयर्ननं स्टीलची बारीक जाळी वितळवून बसवा आणि वर पॉलिप्रॉपिलीनचीच काडी वितळवून भरा. साधं इपॉक्सी या प्लॅस्टिकला धरत नाही. लांबी भरण्याआधी उघड्या जागेवर प्लॅस्टिक प्रायमर मारा आणि लांबी पातळ थरांत भरा. जाड थर भरला तर बंपर दबला की तडकतो.

मास्किंग आणि स्प्रे

बंपर गाडीवरच ठेवणार असाल तर भोवती किमान मीटरभर गाडी झाका. उडालेला रंग बॉनेटवर खरखर होऊन बसतो. वर्तमानपत्र दुहेरी लावा, एकेरीतून थिनर झिरपतो. छोट्या कामात टेपची कडा चिकटवून न टाकता उलटी दुमडून ठेवा, म्हणजे रंगाची कडक रेघ पडत नाही. क्लिअर कधीच मध्येच थांबवू नका. बंपरच्या घडीपर्यंत किंवा कडेपर्यंत न्या, नाहीतर सहा महिन्यांत जोड पिवळसर दिसतो. पार्किंग सेन्सरवर जाड थर चढू देऊ नका, आणि बंपरमागे रडार असलेल्या गाडीत त्या जागी लांबी भरू नका.

डबा हलवताना आतली गोळी वाजू लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवत राहा. थंडीत डबा कोमट पाण्यात ठेवून घ्या. गरम पाणी किंवा ऊन नको, डबा फुटू शकतो.

अंतर २० ते २५ सेंमी. हात बंपरच्या बाहेर असतानाच बटण दाबा, सरळ पलीकडे न्या, बाहेर गेल्यावर सोडा. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. मनगट वळवून कमान काढली की मध्ये जाड आणि टोकाला पातळ बसतो.

प्लॅस्टिक प्रायमर अगदी पातळ, दोन हात. तो बहुधा पारदर्शक असतो, त्यामुळे ‘दिसत नाही’ म्हणून लोक ओततात आणि तिथेच बिघडतं. डब्यावर लिहिलेल्या वेळेत, सहसा १० ते २० मिनिटांत, त्यावर राखाडी प्रायमर आला पाहिजे. राखाडीचे दोन-तीन हात, मध्ये दहा मिनिटं. रात्रभर वाळू द्या, ८०० नं पाणी मारून सपाट करा. काळं पुन्हा उघडं पडलं तर तेवढ्या जागी प्लॅस्टिक प्रायमरपासून सुरुवात.

रंग मारण्याआधी एका पुठ्ठ्यावर रंग आणि क्लिअर मारून तो गाडीजवळ धरा, उन्हात. ट्यूबलाइटखाली सगळेच पांढरे सारखे दिसतात. पहिला हात धुक्यासारखा, त्यातून प्रायमर दिसलाच पाहिजे. नंतरचे दोन ते तीन हात भरीव, दोन हातांमध्ये दहा मिनिटं. सिल्व्हरसारख्या मेटॅलिकमध्ये शेवटचा हात थोडा लांबून, ३० सेंमीवरून, हलका मारा; नाहीतर चमकीचे ढग दिसतात. पर्ल व्हाइट तीन थरांचा असतो, त्याचा तुकड्यापुरता टच-अप क्वचितच जुळतो. तो घरी न केलेला बरा.

रंग वाळल्यावर अर्ध्या ते एक तासात क्लिअर: एक हलका, दोन ओलसर. ओलसर म्हणजे त्यात समोरच्या भिंतीची कड स्पष्ट दिसावी, इतपत. ओघळ आला तर हात लावू नका. बोटानं पुसलेला ओघळ खालचा रंग घेऊन येतो. न पुसलेला दुसऱ्या दिवशी १५०० नं घासून, मग २००० आणि कंपाउंडनं निघतो. सुरकुत्या पडल्या तर कारण बहुधा हे: खालचा थर अर्धवट वाळलेला असताना वरचा मारला. तिथं घासून पुन्हा करण्याशिवाय इलाज नाही. क्लिअर मारल्यावर लगेच कडक उन्हात नेऊ नका, आतला थिनर उसळून सुईच्या टोकाएवढे फोड येतात. तासभर सावलीत आणि मग हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हात ठेवलात तर तेच ऊन भट्टीचं काम करतं.

बंपर २४ तासांनी बसवा, आठवडाभर धुऊ नका, महिनाभर मेण लावू नका.

खड्यांचे टवके

ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागून चालणाऱ्या गाड्यांना पुढच्या बंपरवर बारीक टवके पडतातच. यासाठी स्प्रे काढू नका. टवका अल्कोहोलनं पुसा, काळं दिसत असेल तर काडीच्या टोकानं प्लॅस्टिक प्रायमर लावा, मग टूथपिकच्या टोकावर रंगाचा बारीक थेंब घेऊन खळग्यात टेकवा. बाटलीचा ब्रश जाड असतो, त्यानं टवक्यापेक्षा मोठा डाग होतो. रंग वाळला की खाली बसतो, म्हणून अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन-तीन थेंब, शेवटी क्लिअरचा एक. आठवड्यानं २००० नं हलकं घासून चमकवा.

रंग न लावलेल्या काळ्या पट्ट्या उन्हानं राखाडी झाल्या असतील तर त्यांच्यावर चकाकीचा काळा रंग मारू नका. दाणेदार पोत भरून जातो. ट्रिमसाठीचा मॅट काळा रंग मिळतो, तो वरच्याच पद्धतीनं, क्लिअरशिवाय.

काम झाल्यावर साध्या रंगाचा डबा उलटा धरून फक्त हवा येईपर्यंत फवारा, म्हणजे नळी बंद होत नाही. डब्यावर कोड आणि तारीख लिहा आणि तो घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. मे महिन्यात डिकीत राहिलेला डबा फुटू शकतो.