जुन्या मोटारीला रंग द्यावा की व्हिनाइल रॅप करावा, हे कसे ठरवावे

व्हिनाइल रॅप म्हणजे गाडीवर चिकटवायची पातळ प्लास्टिकची फिल्म. ती लावली की जुना रंग झाकला जातो आणि कंटाळा आला की ती सोलून गाडी पूर्ववत करता येते, असे हल्ली कोणीही बिनदिक्कत सांगतो. शोरूममधून नुकत्याच आलेल्या गाडीबद्दल ते बव्हंशी खरे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघून पुढे तीनचार मालकांच्या हातांतून गेलेल्या प्रीमियर पद्मिनीला मात्र हा सल्ला महाग पडतो. फिल्म चिकटते ती रंगाच्या सर्वांत वरच्या थराला. तो थर कोणी, कधी आणि कशावर मारला होता, हे बहुधा मालकालाही ठाऊक नसते. त्यामुळे आधी अंगावरच्या रंगाची परीक्षा घ्यावी आणि मगच दुकानदाराशी भाव करावा.

गाडी धुऊन, मेण व पॉलिश पुसून, पूर्ण कोरडी करून सावलीत उभी करावी.

पुढचा टप्पा सर्वांत किचकट आहे, मीही सर्वाधिक अडखळलो तो इथेच, आणि बहुतेक गॅरेजवाले तो टाळतात. पातळ फडक्यात गुंडाळलेला लहान चुंबक दाराच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून आणि डिकीच्या कोपऱ्यांवरून हळूहळू फिरवावा. जिथे त्याची पकड ढिली पडते, तिथे रंगाखाली लांबीचा, म्हणजे खड्डे भरण्याच्या पुटीचा, जाड थर आहे असे समजावे. पत्र्याऐवजी फायबरचे ठिगळ असेल, तर चुंबक मुळीच धरत नाही. लांबी असणे हा दोष नव्हे, पण ती गंजावरच भरलेली असेल, तर फिल्मखाली तो गंज वाढतच राहतो आणि बाहेरून दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. कोकणच्या दमट हवेत आणि काचेच्या जुन्या रबरातून पाणी झिरपत असेल, तर हे फार लवकर घडते.

त्यानंतर दाराच्या आतल्या चौकटीवर, सहसा न दिसणाऱ्या जागी, थिनरमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट धरावा. कापसाला रंग भरभरून लागला, तर तो जुना नायट्रोसेल्युलोज म्हणजे बोलीतला ड्युको होय. रंग सुरकुतला किंवा मऊ पडला, तर साधा इनॅमल असण्याचा संभव अधिक. काहीच झाले नाही, तर बहुधा हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) घातलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. पहिल्या दोहोंवर फिल्म लावण्याचा आग्रह धरणाऱ्याला मी स्पष्ट नकार देतो. मात्र चौकटीवर मूळ रंग आणि बाहेर नंतरचा रंग, असेही पुष्कळदा आढळते, म्हणून हीच चाचणी बाहेरच्या एखाद्या खालच्या कडेवरही करावी.

शेवटी पकडीची चाचणी. नव्या पात्याने 2 मिलिमीटर अंतरावर सहा समांतर चिरा पत्र्यापर्यंत पाडाव्यात, त्यांना काटकोनात आणखी सहा पाडाव्यात, त्या जाळीवर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवावी आणि ती उलट दिशेला दुमडून एका झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन निघून आले, तर विचारविनिमय संपला: अशी गाडी खरवडून रंगवलीच पाहिजे. आज लावलेली फिल्म पुढे काढताना नेमके हेच बॉनेटभर होणार असते. ही चाचणी एकाच ठिकाणी करून थांबू नये. अपघातानंतर एकच मडगार्ड रंगवलेल्या गाड्या सर्रास असतात. चिरांची जागा नंतर टचअपने झाकावी. ‘गाडीवर ओरखडे कशाला पाडायचे’ म्हणून हात आखडणारे मालक फिल्म सोलताना तळहाताएवढे पापुद्रे गमावतात. फिल्म बनवणाऱ्या कंपन्याही आपली हमी सामान्यतः चांगल्या स्थितीतल्या मूळ कारखानी रंगापुरतीच देतात, ही गोष्ट विक्रेता आपण होऊन सांगत नाही.

परीक्षेत रंग उत्तीर्ण झाला, तर रॅप हा उत्तम पर्याय आहे, विशेषतः पत्र्यावर मूळ रंग शाबूत असेल आणि तो जपायचा असेल तेव्हा. फिल्म कास्ट प्रकारचीच, म्हणजे द्रव ओतून बनवलेली, घ्यावी. स्वस्त कॅलेंडर्ड, म्हणजे रुळांतून लाटलेली, फिल्म पद्मिनीच्या मडगार्डच्या वळणांवर ताणून बसवली तरी उन्हात आकसते आणि कडा सोडते. कास्ट फिल्मची जाडी जेमतेम 50 मायक्रॉनच्या आसपास असल्याने खालचा प्रत्येक खड्डा आणि खडा वर उमटतो, तेव्हा ती दोष झाकेल अशी आशा ठेवू नये. क्रोमच्या पट्ट्या, हँडले, दिव्यांच्या कडा आणि काचेची रबरे काढूनच काम करून घ्यावे. गाडीच्या अंगावर पाते चालवणाऱ्या कारागिराला तिथेच थांबवावे. कापणीसाठी दोरा असलेली टेप मिळते. बॉनेट, टप आणि डिकी यांच्यावरची फिल्म दारांवरच्या फिल्मपेक्षा लवकर म्हातारी होते, त्यामुळे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीची फिल्म कडक होण्याआधीच काढावी, नाहीतर ती तुकड्यातुकड्यांनी निघते आणि गोंद मागे राहतो.

रंग नापास झाला, तर पत्रा उघडा करणे, गंज काढणे, इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, सरफेसर (पृष्ठभाग सपाट करणारा थर) आणि मग पीयू हाच क्रम ठेवावा. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, पण दगडाचा टवका उडाला तर तेवढीच जागा दुरुस्त होते आणि चांगला रंग वर्षानुवर्षे पॉलिश करता येतो. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये कोणी कितीही सवलत दिली तरी करवून घेऊ नये, कारण दमट हवेत रंगाची चकाकी मरते. पीयूच्या हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून घरच्या अंगणात फवारणी करण्याचा विचार सोडून द्यावा.

गाडी 50 वर्षांहून जुनी असेल, तर 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी ती मूळ रूपात राखलेली असावी लागते. अशा गाडीवर मनाला येईल ती छटा चढवण्याआधी विचार करावा. इतर गाड्यांच्या बाबतीतही रंग आरसीवर नोंदलेला असतो. तो फिल्मने बदलला काय किंवा फवाऱ्याने बदलला काय, आरटीओकडे नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे.