बातम्यांच्या पडताळणी डेस्कवर नवीन येताय?

व्हिडिओ आला की 'खरा का खोटा' विचारत बसू नका. आधी दावा एका वाक्यात लिहून काढा: कोण, कुठे, कधी, काय करतंय. कारण पुष्कळदा व्हिडिओ अस्सल असतो, खोटी असते ती सोबत फिरणारी ओळ. २०१८मध्ये 'पोरं पळवणारी टोळी' म्हणून देशभर फिरलेली क्लिप घ्या. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारं मूल उचलून नेतात. ती होती कराचीतली एक जनजागृतीची फिल्म. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढाच शेवट कापला होता. मुलं पळवण्याच्या त्याच अफवांच्या दिवसांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं.

मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो आणि तो कधी-कुठे काढला ही माहिती गळून जाते. 'डॉक्युमेंट म्हणून टाका' असं सांगा. मग व्हिडिओतल्या पाच-सहा फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, काढा आणि त्यांवरून शोध घ्या. गर्दीच्या नकोत, दुकानाची पाटी, नंबरप्लेट, पोलिसांची वर्दी दिसणाऱ्या निवडा. वर चिकटवलेली मराठी पट्टी कापून टाका, नाहीतर चित्रावरून शोधणारं गूगल लेन्स त्या पट्टीमागेच धावतं. तिथे हाती लागलं नाही तर यांडेक्स हे रशियन सर्च इंजिन वापरा. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर फ्रेम आरशासारखी फिरवून पुन्हा शोधा. सापडलेली लिंक लगेच वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांची प्रत साठवणाऱ्या साइटवर, जतन करा. संध्याकाळपर्यंत ती उडालेली असते.

इथे नवे लोक हमखास घसरतात. सर्वांत जुनी सापडलेली तारीख ही अपलोडची असते, घटनेची नव्हे. मात्र ती दाव्यातल्या तारखेच्या आधीची निघाली, तर 'कालचा व्हिडिओ' हा दावा तिथेच पडतो. आणि 'कुठे बातमी दिसली नाही' म्हणजे 'खोटं' नव्हे.

पोलीस ठाण्याला फोन करताना 'असं काही झालंय का' विचारलंत तर 'नाही' एवढंच मिळेल. गुन्हा नोंद आहे का, कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाखाली, असं विचारा. 'माहिती घेतो' हा इन्कार नाही, तसा छापूही नका.

सरकारी खुलासा हा एक स्रोत, निकाल नव्हे. केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच फॅक्ट चेक युनिटला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केला, हे ध्यानात असू द्या. 'पीआयबीने (केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने) खोटं म्हटलं' असं लिहायला हरकत नाही, पण पुरावा स्वतःचा जोडा.

मथळ्याचं दुखणं जुनंच. 'धुळ्यात पोरं पळवणारी टोळी? काय आहे सत्य' असा मथळा दिला की प्रश्नचिन्ह कुणी वाचत नाही, टोळी तेवढी लक्षात राहते. सरळ लिहा: 'मूल पळवल्याचा व्हिडिओ कराचीतल्या जनजागृती फिल्मचा'.