पुकाराचं वय काढताय? या चुका टाळा

दक्षिण अमेरिकेत पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या तितिकाका सरोवराभोवतीच्या टेकड्यांवर दगडी तटांच्या वस्त्या आहेत. तिकडे त्यांना पुकारा म्हणतात. तिवानाकू या सरोवराकाठच्या जुन्या राज्याची सत्ता इ.स. 1000 ते 1100 च्या सुमारास कोसळली, लगेच मारामाऱ्या सुरू झाल्या आणि लोक टेकड्यांवर गेले, असं आधी मानलं जायचं. पुरातत्त्वज्ञ एलिझाबेथ आर्कुश यांनी सरोवराजवळच्या कोया लोकांच्या मुलखातल्या पुकारांचे कार्बन-14 नमुने (उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायचे) तपासले, तर बहुतेक तटबंदी 1300 नंतरची निघाली. म्हणजे दोनएकशे वर्षांची तफावत. आधी गोष्ट ठरवायची आणि मग तारखा त्यात बसवायच्या, ही सगळ्यात महागडी चूक.

दुसरी चूक कोळशाची. कार्बन-14 लाकूड वाढलं तो काळ सांगतो, चूल पेटली तो नव्हे. उंच पठारावर झाडं मुळातच कमी, त्यामुळे जुनी तुळई काढून नव्या घराला लावणं किंवा सरपणाला घालणं सहज शक्य. एकाच चुलीतल्या दोन तारखांत शंभर-दोनशे वर्षांचा फरक आला, तर प्रयोगशाळेला दोष देण्याआधी नमुना पाहा. मक्याचा जळका दाणा, किनोआ, लामाच्या जळक्या लेंड्या ही एका हंगामातली वस्तू, ती जास्त भरवशाची. भिंतीच्या गाऱ्यात गवताची काडी सापडली तर सोनंच. ती थेट बांधकामाशी बांधलेली असते. तटाखालच्या भरावातला कोळसा मात्र एवढंच सांगतो की तट त्यानंतरचा आहे. किती नंतरचा, ते नाही.

खालच्या थराची तारीख वरच्यापेक्षा नवी आली? आधी प्राण्यांची बिळं, मागाहून खणलेले खड्डे आणि दफनं शोधा. मेंढपाळांनी पडक्या भिंतींचा गोठा केला असेल, तेही बघून घ्या.

कॅलिब्रेशनला, म्हणजे कार्बन-14 चा आकडा कॅलेंडरच्या वर्षांत बदलताना, उत्तर गोलार्धाचा वक्र (त्यासाठीचा आलेख) लावू नका. दक्षिणेसाठी एसएचकॅल20 आहे. (अँडीजमध्ये उत्तरेकडची हवाही येते, म्हणून काही जण मिश्र वक्र वापरतात. कोणता वापरला ते लिहा.) चौदाव्या शतकात वक्र वर-खाली होतो, त्यामुळे एका नमुन्याला शतकाच्या सुरुवातीची आणि अखेरची अशी दोन उत्तरं मिळतात. सोयीचं उचलू नका. थरांचा क्रम घालून बेझियन मॉडेल (क्रम आणि तारखा एकत्र तोलणारं संख्याशास्त्रीय गणित) चालवा, आणि तरीही दोन्ही शक्यता राहिल्या तर दोन्ही छापा.

पुढे हा मुलूख जिंकणाऱ्या इंका साम्राज्याची खापरं नाहीत म्हणजे इंकांच्या आधीच वस्ती उठली, हाही घाईचा निष्कर्ष. गावकरी आपली जुनी भांडी पुढेही वापरतात. शिवाय इंकांच्या विस्ताराची 1438 ही ठरीव तारीख स्पॅनिश काळातल्या बखरीवरून पुरातत्त्वज्ञ जॉन रो यांनी 1945 मध्ये मांडलेली. माचू पिक्चू या पेरूतल्या इंका स्थळी मिळालेल्या 26 जणांच्या अवशेषांच्या 2021 च्या तारखांनी तिथली वस्ती 1420 च्या सुमारास नेली. 1438 वर टेकून पुकाराचा शेवटचा टप्पा बेतला असेल, तर तो पुन्हा तपासावा लागेल.