इराणी हॉटेलात बसल्या बसल्या आधी तहदीग विचारा

बेळगाव-खानापूरकडची बरीच मंडळी मुलांकडे दुबईला जातात. तिथे एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या इराणी हॉटेलात गेलात, तर मेनू उघडण्याआधीच तहदीग आहे का विचारा. भाताच्या पातेल्याच्या तळाशी तूप-तेलात सोनेरी, कुरकुरीत झालेली ही खरवड. पातेल्यामागे एकच थर निघतो, म्हणून उशिरा गेलं की बहुतेक संपलेली असते. बेळगाव बासमतीवर जीव असलेल्यांनी तर ती चुकवूच नये. वरून खोरेश्त, म्हणजे इराणी रस्सा, ओतून घ्या. कडा कुरकुरीत राहतात, मधला भाग रस पितो. फार छान लागतं.

कबाबासोबतची जांभळट-लाल पूड म्हणजे सुमाक. तिखट नाही, आंबट आहे. कबाबावर आणि कच्च्या कांद्यावर सढळ हाताने भुरभुरा.

शाकाहारी असाल तर मात्र प्रत्येक पदार्थ विचारूनच मागवा. घोर्मे सब्जी पालेभाजीसारखी दिसते, पण त्यात सहसा मटण किंवा गोमांस असतं. वांग्याच्या मिर्झा घासेमीत अंडं असतं. प्यायला दूघ घ्या, पुदिना घातलेलं खारं ताकच ते.