ढगळ थ्रिफ्ट शर्ट मापात आणताय? या चुका टाळा, नाहीतर हात वर जाणार नाही

थ्रिफ्टमधून, म्हणजे वापरलेल्या कपड्यांच्या दुकानातून, एक्सएल शर्ट आणला की पहिला मोह काय होतो, तर उलटा करायचा, दोन्ही बाजूंना सरळ टिप मारायची आणि उरलेलं कापून मोकळं व्हायचं. मीपण तेच केलं होतं. आरशात एकदम झकास, मग वरच्या कप्प्यातलं काहीतरी काढायला हात वर केला तर अख्खा शर्ट पोटावर गोळा, आणि जास्तीचं कापड तर कचऱ्यात गेलेलं.

झालं काय, की मोठ्या शर्टाचा मुंढाही, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, मोठाच असतो, काखेच्या दोन-तीन इंच खाली लोंबतो. मी टिप मुंढ्याच्या त्या जुन्या खालच्या टोकालाच नेऊन संपवली, म्हणजे कंबर झाली बारीक पण बाही वटवाघळाच्या पंखासारखी तशीच राहिली, मग हात उचलला की शर्ट ओढला जाणारच ना. टिप काखेत थांबवायची नसते. जुन्या टोकाच्या आतून, जरा वरून, हलका गोल घेत बाहीवर चढवायची आणि कोपरापर्यंत नेऊन जुन्या शिलाईत मिसळू द्यायची. टोकदार कोन केलात तर तिथे कापड जमून काचतं. गोलाईवर मायेला, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडाला, बारीक चिरा द्या, टिपेला कात्री लागू देऊ नका म्हणजे झालं.

खांदा ही वेगळीच डोकेदुखी. खांद्याची शिलाई हाडाच्या इंचभर पुढे, दंडाकडे असेल तर चालतं, पण दोन-तीन इंच असेल तर बाजू कितीही आत घ्या, तो शर्ट दुसऱ्याचाच वाटणार. मग बाही पूर्ण उसवून, खांदा कापून परत लावावी लागते, आणि नवशिक्याने पहिल्याच शर्टावर हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घेतानाच खांदा बघा, रुंदीचं नंतर बघता येतं.

आता हिशोबाची चूक, जी सगळे करतात. समजा घेर 8 सेंमी जास्त आहे. दोन बाजू म्हणून 4-4 सेंमी आत खूण केली तर गेलात, कारण कापड दुहेरी आहे, एकूण 16 सेंमी उडाले! भागायचं चाराने, म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त 2 सेंमी. आणि ताठ उभं राहून माप घेऊ नका, टाचण्या लावून जरा बसा, हात पुढे करा. न ताणणाऱ्या कापडाला छातीभोवती 8-10 सेंमी तरी मोकळीक हवीच.

त्याआधी कपडा धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर तुम्ही माप घेणार आणि पहिल्या धुण्यात तो आटणार.

कापायची घाई तर अजिबात नको. आधी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लांब टाक्यांची कच्ची शिलाई, तासभर घालून घरात वावरा, बरं वाटलं तरच 2.5 मिमीची पक्की टिप, आणि दीड सेंमी माया ठेवून मगच कात्री. लेदर आणि रेशमावर मात्र हे नको, सुईची भोकं कायमची राहतात.

टी-शर्टवर मशीन टाके सोडत असेल तर मशीनला शिव्या देऊ नका, सुई बदला. गोल टोकाची बॉलपॉइंट सुई आणि अगदी अरुंद झिगझॅग, कापड मागून ओढायचं नाही, ओढलंत की कड लाटांसारखी होते.

जीन्सची कंबर मागे मधोमध दोन इंचांपेक्षा जास्त घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात, त्यापेक्षा दोन्ही बाजूंना वाटून घ्या. जाड जोडावर 100 नंबरची जाड सुई लावा, आणि आधी तो जोड हातोडीने ठोकून चपटा करा, हसू नका, खरंच उपयोग होतो.

आणि माझ्यासारखं कापून बसला असाल तर? शर्टाची लांबी कमी करताना खालून निघालेल्या पट्टीचे मी दोन चौकोन कापले, काखेतली शिलाई उसवून ते तिरके बसवले. आता हात वर जातो. जोड दिसतात, पण त्यासाठी कोणीतरी माझ्या काखेत डोकावायला हवं.