अर्धं वचन, अख्खं कर्ज : पैशांच्या या चुका टाळा

रविवारी उपासना सुटली की सदरच्या चर्चच्या आवारात अर्धा तास गप्पा रंगतात. मुलांच्या ॲडमिशनपासून नागपूरच्या उन्हापर्यंत सगळं निघतं, पण कर्जाचा विषय कोणी काढत नाही. मंडळीचा खजिनदार म्हणून काही वर्षं काम केल्यावर मला एक खूण कळली: “घरच्या अडचणीसाठी प्रार्थना करा” अशी चिठ्ठी आली, की पुष्कळदा त्यामागे थकलेला हप्ता असायचा. आणि हप्त्यामागे एखादं अर्धंच ऐकलेलं बायबलचं वचन.

सगळ्यात जास्त मोडतोड झालेलं वचन म्हणजे “पैसा सगळ्या वाइटाचं मूळ”. पौलाने तीमथ्याला लिहिलं ते “द्रव्याचा लोभ” (१ तीमथ्य ६:१०). ‘लोभ’ गाळला की पगारवाढ मागणंही पाप वाटू लागतं आणि पासबुक न उघडणारा माणूस स्वतःला निःस्वार्थी समजतो. त्याच शास्त्रात बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज काढतो (लूक १४:२८), आणि धन्याचे पैसे जमिनीत पुरणाऱ्या दासाला “निदान सावकाराकडे तरी ठेवायचेस” म्हणून बोलणी बसतात. तेव्हा हिशेबाच्या वहीला घाबरू नका. महिनाभर रोजचा खर्च लिहा, चहा-तर्रीपोह्यासकट. पहिल्या महिन्यात लाज वाटेल, वाटू द्या.

आता जामीन. यात मी स्वतः पोळलोय. गायनमंडळातला एक मित्र पतसंस्थेच्या कर्जाचा कागद घेऊन आला. “फक्त सही पाहिजे, भाऊ.” नाही म्हटलं तर विश्वासी कसला, म्हणून केली. दीड वर्षानं त्याचा फोन बंद आणि नोटीस माझ्या दारात! मी तावातावानं गेलो, “आधी त्याला पकडा ना.” उत्तर मिळालं, तशी सक्ती नाही. बरोबरच होतं ते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. “एकमेकांची ओझी वाहा” हे मला पाठ होतं. नीतिसूत्रांचा सहावा अध्याय मात्र कधी कोणी वाचून दाखवला नव्हता. तिथे शेजाऱ्याला जामीन राहिलेल्याला सांगितलंय, की डोळ्याला डोळा लागू देऊ नको. शिकाऱ्याच्या हातून हरिणी सुटावी तसा स्वतःला सोडव.

सही झालीच असेल तर कर्जदाराच्या शब्दावर राहू नका. संस्थेकडून थकबाकीचा आकडा लेखी मागा आणि स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट तपासा, कारण थकलेलं कर्ज तुमच्याही नावावर दिसू शकतं. तुम्ही भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, म्हणून प्रत्येक पावती जपा. सही अजून व्हायची असेल, तर स्वतःला एकच विचारा: एवढी रक्कम मी याला उसनी न देता अशीच देऊन टाकू शकतो का? नसेल तर जमेल तेवढी त्याच्या हातात ठेवा आणि जेवून जायला सांगा.

दशांशाबद्दल, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्याबद्दल, लिहिताना जरा सांभाळून लिहितो, पाळकसाहेबही वाचतात. मलाखीचं “दशांश भांडारात आणा” सगळ्यांना माहीत असतं. पण क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला ३ टक्क्यांच्या पुढे व्याजानं वाढत असताना किमान रक्कम भरायची आणि उरलेल्यातून दान द्यायचं, हे दान कर्जातूनच जातं. पौल करिंथच्या मंडळीला स्पष्ट सांगतो की माणसाजवळ असेल त्याप्रमाणे मान्य होतं, नसेल त्याप्रमाणे नाही (२ करिंथ ८:१२). आईच्या औषधाचे पैसे “देवाला अर्पण” म्हणून दुसरीकडे वळवणाऱ्यांना येशूनं मार्कच्या सातव्या अध्यायात काय सुनावलं, तेही वाचा. गरीब विधवेनं दान केलेल्या दोन टोल्यांचं (अगदी छोट्या नाण्यांचं) वचन दानपिशवी फिरवताना हटकून निघतं. त्याच्या अगदी आधी येशूनं विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना झोडपलंय, तिथवर कोणी मागे जात नाही. आणि बाहेरगावच्या वक्त्यानं “बी पेरा, शंभरपट मिळेल” म्हणत क्यूआर कोड दाखवला, तर फोन खिशातच राहू द्या.

“आपल्यातलाच आहे” म्हणून घेतलेली स्कीम ही त्याचीच बहीण. ७२ ला व्याजदरानं भागा, पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं: ७.२ टक्क्यांनी १० वर्षं. एका वर्षात दुप्पट सांगणारा प्रार्थना कितीही छान करत असो, त्याला पैसे देऊ नका. बेकायदा ठेवी घेणाऱ्यांविरुद्ध २०१९ पासून केंद्राचा कायदा आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करता येते. मंडळीत बोभाटा होईल म्हणून सहा महिने थांबू नका. बँकेतली ठेवसुद्धा एका बँकेत एका माणसाच्या नावावर व्याज धरून ५ लाखांपर्यंतच विम्यात असते.

नाताळाच्या हप्त्यांबद्दल जास्त लिहीत नाही. फराळ, केक, कपडे यांचा खर्च जानेवारीपासून १२ भागांत बाजूला टाकला तर डिसेंबरात कार्ड घासावं लागत नाही.

मृत्युपत्र मात्र टाळू नका. ख्रिस्ती घरांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर मुलं असलेल्या घरात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी सारखं. अख्खं घर आपोआप बायकोच्या नावावर होत नाही. बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शिवाय लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, विधुरानं साठीत केलेल्या दुसऱ्या लग्नानंसुद्धा. साक्षीदार दोन लागतात आणि ज्याला काही ठेवायचं त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीला घेतलं तर त्याचा वाटा बाद होतो. इंदोऱ्यातल्या एका आजोबांनी सेवा करणाऱ्या भाचीलाच साक्षीला बसवलं होतं. वेळेत ध्यानात आलं, कागद नव्याने लिहिला आणि सहीला समोरच्या पानठेलेवाल्या भाऊंना बोलावलं.